आगमनकाळात तुम्ही कशाची वाट पाहिलीत? (अनुभव धागा)

नाताळ सगळ्यांना ठाऊक, त्याआधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, फारसे कोणाला नाहीत. वाशीला आमच्या चर्चमध्ये आगमनकाळ लागला की फादरांचा पोशाख जांभळा होतो, ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद होतं आणि डहाळ्यांच्या हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तुमचं सांगा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

चरई, ठाणे
2023. मुलगा जहाजावर. कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी रिलीव्हर (बदली माणूस) मिळेना, एजंटचं रोज "उद्या कळवतो". त्या वर्षी चौथा रविवार नेमका 24 डिसेंबरला आला, म्हणून आगमनकाळ जेमतेम 22 दिवसांचा. एरवी 28 पर्यंत जातो. मला उगाच वाटलं, देवानेच दिवस कापले. कुलकुल, नाताळचा गोड फराळ, करायला बसले. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, रेघा उठतात. आमची आजी नव्या कंगव्यावर करायची. लेकाचे लहानपणी एकाला एक सारखे व्हायचे नाहीत. तसे वेडेवाकडे चार मुद्दाम केले, वेगळ्या डब्यात ठेवले. 24 ला आला नाही. 9 जानेवारीला आला तोवर कुलकुल मऊ पडले होते. खाल्ले त्याने, आणि वर "हे कोणी बिघडवले?" म्हणाला!

नेरूळ
मी ख्रिश्चन नाही, चालेल ना? शेजारच्या आंटी डिसेंबरात ताटलीत नाचणी पेरतात, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ म्हणून. आमच्या घटासारखंच की! निम्मे दाणे कबुतरं खातात, त्या पुन्हा पेरतात. गोठ्यात मेंढ्या, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे आधीच हजर, गव्हाण मात्र रिकामी. बाळ 24 च्या रात्रीच ठेवायचं. माझ्या चार वर्षांच्या लेकीला कुठला धीर, तिनं स्वतःची बाहुली निजवली. आंटी म्हणाल्या, "राहू दे गं, तोवर तीच."

कोपरी
बाबा आयसीयूत होते. तिसरा रविवार गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा म्हणतात. मला त्या गुलाबीचाच राग आला. चर्चला न जाता हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिलो. बाबा 20 तारखेला गेले. आशेबद्दल लिहायला मला जमणार नाही. धागा वाचतोय मात्र.

ऐरोली
आमचं चक्र म्हणजे पितळी ताट आणि सोसायटीतल्या अशोकाच्या डहाळ्या. गुलाबी मेणबत्ती कुठे मिळेना, पांढरीला गुलाबी रिबन बांधली. मुलं हसली, तेव्हा त्यांना हॅम्बुर्गची गोष्ट सांगितली. 1839 मध्ये पाद्री योहान विखर्न यांच्या आश्रमातली मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी लाल, रविवारची मोठी पांढरी. म्हणजे मूळ चक्रात गुलाबी नव्हतीच. आमची रिबन पास.

वाशी (धागाकर्ता)
कोपरी, उद्या तिसराच रविवार आहे. चर्चला यायलाच हवं असं नाही. सातनंतर वाशी स्टेशनबाहेर चहाला भेटू. मी निळ्या शर्टात असेन.