ड्रोनमध्ये वेपॉइंट का नाहीत?

भोरकडची आमची भातखाचरं मला आषाढापासून कापणीपर्यंत एकाच वाटेने, एकाच उंचीवरून टिपायची आहेत. चिखलणी, लावणी, मग पिवळं पडलेलं शेत. पण माझ्या २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला वेपॉइंटच (आधी नेमून दिलेल्या बिंदूंवरून आपोआप उडण्याची सोय) नाहीत. जीपीएस आहे, आपोआप परत येतो, मग ठरल्या मार्गाने का उडू नये? त्याच कंपनीच्या महागड्या मॉडेलला ही सोय आहे. मुद्दाम काढून घेतलीय, याची भयंकर चीड येते. काही उपाय?

उत्तर १: कंपनीने तुमच्या मॉडेलचं एसडीके (बाहेरच्यांना ड्रोनसाठी ॲप बनवता यावं म्हणून दिलेला सॉफ्टवेअर संच) खुलं केलं असेल, तर बाहेरचं ॲप चालेल. आधी तेवढं तपासा.

उत्तर २: वेपॉइंट असले तरी साधा जीपीएस मीटर-दोन मीटर इकडेतिकडे होतोच, फ्रेम तंतोतंत बसत नाही. कॅमेरा सरळ खाली, ९० अंशांत वळवून फोटो घ्या. बांधाचे कोपरे धरून संगणकावर जुळवता येतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) मात्र ऑटोवर नको, हिरवा रंग दर वेळी वेगळा येतो.

प्रश्नकर्ता: दादा, व्हाइट बॅलन्सचं आजच करतो. पण सरळ वरून खाचरांच्या पायऱ्या सपाट दिसतात हो, बांधांची उंचीच हरवते. मला तिरका कोनच हवाय. एसडीकेचं बघून कळवतो.