गोल्डी म्हणजे राखीव संघ ना? मग सीट रेस कशाला?

अनगोळ_नाका:
भाचा केंब्रिजला शिकतोय, तिथल्या बोट क्लबच्या ट्रायल्समध्ये आहे. परवा फोनवर म्हणाला, "सीट रेस हरलो, आता बहुतेक गोल्डीत." घरात सगळ्यांनी एवढंच ऐकलं की पोरगं हरलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मोठी शर्यत आम्ही बघतो, खरं ही दुसरी शर्यत कधी नीट बघितली नाही. गोल्डी म्हणजे बाहेर बसणारे राखीव, की वेगळा संघ? आठजण एका होडीत असताना एकटा हरतो कसा? आणि गोल्डीतून मोठ्या होडीत जाता येतं का? बेळगावात विचारणार कुणाला, म्हणून इथं.

वल्हं_उजवीकडचं:
बाहेर कोणी बसत नाही हो. गोल्डी ही केंब्रिजची दुसरी एट, आयसिस ही ऑक्सफर्डची. आठ वल्हेकरी, एक कॉक्स (सुकाणू धरून हुकूम देणारा), स्वतःची होडी, स्वतःची शर्यत. १९६५ पासून या दोघींची गाठ मोठ्या शर्यतीच्या दिवशीच, टेम्सवर त्याच पटनी ते मॉर्टलेक मार्गावर पडते: ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे ६.८ किलोमीटर. मुलींच्या राखीव होड्या ब्लाँडी आणि ओसायरिस. त्या २०१५ पासून इथं आल्या.

ऑक्सफर्डमधून वाहणाऱ्या टेम्सला आयसिस म्हणतात. जॉन गोल्डी हा केंब्रिजचा जुना कर्णधार. १८६१ ते १८६९ ऑक्सफर्ड सलग नऊ वर्षं जिंकत होतं, ती रांग त्याच्या होडीनं १८७० मध्ये तोडली. तेव्हा हे नाव काही सांत्वनाचं नाही. फरक मानाचा आहे. 'ब्लू' हा विद्यापीठाचा खेळातला मान फक्त मोठ्या होडीतल्यांना मिळतो, आणि तो सल गोल्डीतल्या प्रत्येकाला असतोच.

बघताना नाणेफेक चुकवू नका, नदीची कुठली बाजू घ्यायची ते त्यात ठरतं: मिडलसेक्स म्हणजे उत्तर काठ, सरे म्हणजे दक्षिण काठ. मार्ग इंग्रजी एससारखा वळतो. पहिलं आणि शेवटचं वळण मिडलसेक्स बाजूच्या फायद्याचं, मधलं हॅमरस्मिथचं लांबलचक वळण सरे बाजूचं. सरेवाल्यांना त्या वळणात पुढे निसटता आलं नाही, तर शेवट त्यांना जड जातो.

मलप्रभा_काठ:
सीट रेसचं सांगतो, म्हणजे होडीत कोणाला जागा द्यायची ते ठरवायच्या चाचणीचं, कारण गैरसमज तिथंच आहे.

दोन कॉक्स्ड फोर घेतात, म्हणजे चार वल्हेकरी आणि कॉक्स. शेजारी शेजारी तीन-चार मिनिटांची दौड. स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती वेळा वल्हं मारायचं, बांधून दिलेला, समजा ३२; त्याच्या वर जायचं नाही. समजा अ होडी ४ सेकंदांनी पुढे आली. काठाला न जाता होड्या एकमेकींना धरून उभ्या करायच्या आणि एकाच बाजूच्या दोघांची अदलाबदल करायची (प्रत्येकजण डावं किंवा उजवं एकच वल्हं ओढतो). परत तीच दौड. आता अ होडी १ सेकंदानंच पुढे आली, तर ३ सेकंदांचा फरक अ मधून ब मध्ये गेलेल्याच्या नावावर जमा. म्हणजे दुसरी दौड हरलेल्या होडीत बसूनही सीट रेस जिंकली त्यानंच. भाचा 'हरलो' म्हणतो ते या वजाबाकीत, आणि तेही त्याच्या बाजूच्या एका खेळाडूविरुद्ध.

ही वजाबाकी बिघडते कशी? अदलाबदल कोणाची होणार हे आधी कळलं तर बाकीचे तिघं हात राखून ओढतात, म्हणून कोच शेवटपर्यंत बोलत नाही. एक होडी ३२ वर आणि दुसरी ३४ वर गेली तर ती दौड बाद. आडवा वारा असेल तर लेन बदलून घ्यावी लागते. उंच खेळाडू बुटक्याच्या जागी बसला आणि पायाचा स्ट्रेचर (पाय टेकवायची फळी) सरकवायला वेळ दिला नाही, तर त्याचा स्ट्रोक आखूड पडतो आणि दोष त्याच्या माथी. सगळ्यात मोठी अडचण दमण्याची. पाचव्या-सहाव्या दौडीत सगळ्यांचेच हात गेलेले असतात. म्हणून शेवटी पहिलीच मांडणी परत पळवतात. पहिल्याइतकंच अंतर आलं तर आकडे धरायचे, नाही तर त्या दिवसाच्या निकालावर फार विसंबायचं नाही.

अनगोळ_नाका:
हे आता वैनींना वाचून दाखवतो. आणि वर जाण्याचं?

वल्हं_उजवीकडचं:
जाता येतं. मोठ्या होडीतला कोणी आजारी पडला की पहिली नजर गोल्डीकडेच. मात्र नुसतं जाऊन बसणं नसतं. रिगरचा (वल्हं टेकवायच्या बाहेरच्या चौकटीचा) स्प्रेड, म्हणजे होडीच्या मध्यापासून वल्ह्याच्या खिळीपर्यंतचं अंतर, साधारण ८३ ते ८५ सेंटिमीटर असतो, त्याला सहसा हात लावत नाहीत. आधी स्ट्रेचर, मग गेटची, म्हणजे वल्हं अडकवायच्या खाचेची उंची. ती गेटच्या वरखाली वॉशर घालून बदलते. गेट खाली राहिलं तर हँडल मांडीला लागतं, पातं पाण्यातून वेळेवर निघत नाही आणि क्रॅब बसतो, म्हणजे पाणी वल्हं धरून ठेवतं. शर्यतीच्या वेगात हँडल छातीवर येतं आणि सगळी होडी अडखळते.

बाजू हा वेगळा विषय. पातं आडवं फिरवायचं काम रिगरकडच्या हाताचं. बाजू बदलली की ते काम दुसऱ्या मनगटाला शिकावं लागतं. दोन्ही बाजूंनी ओढता येणारा गोल्डीत फार मोलाचा. भाच्याला हे एक जरूर विचारा.

हिडकल_बॅकवॉटर:
एर्गचं कोणी बोललं नाही. रोइंग मशीनवरचे २००० मीटर ही चाळणी सीट रेसच्या आधीची. ६ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ५०० मीटरला १:४०, साधारण ३५० वॉट. ६ मिनिटं म्हणजे १:३०, ४८० वॉट. वेळ एक दशांश कमी करायला ताकद एक तृतीयांशाहून जास्त वाढवावी लागते, कारण वॉट वेगाच्या घनानं वाढतात. आपल्याकडच्या जिममध्ये पोरं डँपर (मशीन जड-हलकं करायची कळ) १० वर ठेवून ओढतात, त्यानं फक्त कंबर जाते. ड्रॅग फॅक्टर, म्हणजे मशीन किती जड लागतं त्याचा आकडा, १२० ते १३० पुरे. माझं मत विचाराल तर एर्गवर कोणाला होडीत घेऊ नये, फक्त बाहेर ठेवावं. वजनदार माणूस मशीनवर भारी दिसतो, पण पाण्यात त्याचं वजन बाकीच्यांनाही ओढावं लागतं.

इथल्या पोरांना हे करायचं असेल तर राकसकोप जलाशयाचं नाव काढू नका, ते शहराच्या पिण्याचं पाणी. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तो खेळ वेगळा. आपल्याकडे खरी वाट सैन्यातून, पुण्याच्या सीएमईमधल्या (लष्कराच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या) आर्मी रोइंग नोड या प्रशिक्षण केंद्राकडे. चांदवडचा वल्हेकरी दत्तू भोकनळ सैन्यातूनच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला होता.

मलप्रभा_काठ:
शर्यत घरी बघणार असाल तर वेळ दरवर्षी नव्यानं तपासा. भरतीच्या पाण्यावर, पूर्ण भरतीच्या साधारण दीड तास आधी सुरुवात करतात, त्यामुळे ठरलेली वेळ नसते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तिथल्या वेळेत साडेचार तास मिळवा, त्याआधी असेल तर साडेपाच.