पाच हजार वस्तीच्या लिस्टोलचा साहित्योत्सव आपल्याकडे रुजेल का?

शिरोड्याची वाट (प्रश्न)

वेंगुर्ले तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाची मी कार्यवाह आहे. पुढील वर्षी तीन दिवसांचा साहित्योत्सव भरवावा, असा विषय कार्यकारिणीच्या दोन बैठकांत निघाला. दोन्ही वेळा अध्यक्ष म्हणून कोणाला बोलवायचे, मांडव केवढा घालायचा आणि सत्काराचा खर्च कोणी उचलायचा, एवढ्यावरच चर्चा अडली. गावातल्या माणसांना त्या तीन दिवसांत बसून ऐकण्यापलीकडे काय करता येईल, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, याचे मला फार वाईट वाटले.

अलीकडेच आयर्लंडच्या केरी परगण्यातील लिस्टोल या गावाविषयी वाचले. फील नदीकाठच्या या गावाची वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास आहे, आणि १९७०-७१ च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा लेखक सप्ताह आजही भरतो. एवढ्या लहान गावाला हे कशामुळे साधले? आपल्याकडे त्यातले काय आणता येईल? ज्यांनी तो उत्सव पाहिला आहे किंवा कोकणात असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मालवणचो, मुक्काम ट्राली

मी मूळचा मालवणचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे ट्राली येथे राहतो. तेथून लिस्टोल मोटारीने अर्ध्या तासावर आहे. उत्सव मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी असतो. त्या दिवसांत तिकडे रात्री दहापर्यंत उजेड राहतो आणि मंडळी कार्यक्रम संपले तरी चौकातून हलत नाहीत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथील लेखन-कार्यशाळेत मिळाले. मी कथेच्या कार्यशाळेत नाव घातले होते. एका खोलीत आम्ही मोजकेच जण होतो, त्यांत एक निवृत्त परिचारिका होती, एक दुग्धव्यावसायिक शेतकरी होता आणि एक महाविद्यालयीन मुलगी होती. सकाळच्या वेळात प्रत्येकाने आपले पान वाचायचे आणि मार्गदर्शक लेखकाने त्यावर ओळीओळीने बोलायचे, एवढाच क्रम होता. शेतकऱ्याने गाय विताना घालवलेल्या रात्रीविषयी लिहिले होते आणि सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर गेला. संध्याकाळी मोठ्या लेखकाच्या मुलाखतीला हीच मंडळी पहिल्या रांगांत बसलेली दिसली, कारण सकाळी स्वतः अडखळल्यामुळे त्यांना विचारायला खरे प्रश्न सुचले होते.

याशिवाय लेखनस्पर्धा असतात, ज्यांत मुलांसाठी वेगळे विभाग आहेत आणि तुरुंगातील बंदिवानांच्या लेखनालाही स्थान दिले गेले आहे. कादंबरीचा मोठा वार्षिक पुरस्कार उत्सवाच्या आरंभी जाहीर होतो, परंतु गावकरी त्याच्याइतक्याच आस्थेने आपल्या शाळेतल्या मुलाच्या कवितेविषयी बोलतात.

एक इशाराही देतो. २०२२ मध्ये उत्सवाची जुनी स्वयंसेवी समिती बाजूला करून व्यावसायिक संयोजक नेमण्यावरून गावात मोठा वाद झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे खुर्च्या मांडल्या, त्यांना उत्सव आपल्या हातून गेल्यासारखा वाटला. अनुदान आले की हिशेब काटेकोर लागतात हे मान्य करूनही, मला त्या माणसांचे दुःख पटले.

वाशिष्ठीकाठ

आमच्या चिपळूणला २०१३ च्या जानेवारीत शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचा भार उचलणारे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ मध्ये स्थापन झालेले आहे. गावातले वाचनालय केवढे काम करू शकते, हे तेव्हा आम्ही पाहिले. परंतु संमेलन एकदा येते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरी जाते, तर लिस्टोलचा सप्ताह त्याच गावात पुन्हा भरतो. तेव्हा संमेलनाची लहान प्रतिकृती करण्याचा मोह आपण टाळावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या वाचनालयातील ग्रंथांचे फार नुकसान झाले. चिखलाने माखलेली पुस्तके हातात घेतली, तेव्हा वाचनालय माझ्या घरचे आहे हे मला पहिल्यांदा जाणवले. आपल्या उत्सवात ग्रंथांची निगा, जुने दप्तर आणि गावच्या आठवणी लिहून ठेवणे यासाठी अर्धा दिवस अवश्य ठेवावा.

पेटारा

मी कुडाळकडचा हौशी रंगकर्मी आहे. लिस्टोलची गोष्ट नाटकाशिवाय अपुरी राहते. जॉन बी. कीन हे गावातच पब चालवीत आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून त्यांची भाषा घडली. त्यांचे पहिले गाजलेले नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरने नाकारले, तेव्हा १९५९ मध्ये गावच्याच हौशी मंडळाने ते उभे केले आणि अथलोनच्या अखिल आयरिश हौशी नाट्यमहोत्सवात ते विजयी ठरले. त्याच गावात ब्रायन मॅकमहन हे शाळामास्तर कथा लिहीत होते. म्हणजे उत्सव जन्मण्याच्या कितीतरी आधी गावाला आपल्या माणसांचे लिहिलेले ऐकण्याची सवय होती.

हे वाचताना मला चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात. तेही कुडाळात खानावळ चालवीत होते आणि तेथेच कविताही लिहीत होते. आपल्याकडे सवय नाही असे कसे म्हणावे? दशावतारात लिखित संहिता नसते. रात्रभर देवळासमोर नट प्रसंगानुसार संवाद रचतो आणि शेवटच्या रांगेतली म्हातारीदेखील त्याचा शब्द तोलून पाहते. आपल्या परिसरातील एखाद्या जाणत्या दशावतारी कलाकाराला सत्कारासाठी न बोलावता कार्यशाळेचा मार्गदर्शक म्हणून बोलवा, आणि त्यांना लेखकाइतकेच मानधन द्या. मालवणीत लिहिलेले मालवणीतच वाचले जावे, त्याचे प्रमाण मराठी भाषांतर मागू नये.

दिवस निवडताना मात्र जपावे. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींना एक रात्र मोकळी मिळत नाही. मे महिन्यात चाकरमानी घरी असतात. पण लग्ने, आंबा आणि पावसाआधीची घरशाकारणी यांत माणसे गुंतलेली असतात. माझ्या मते वैशाखातल्या एका आठवड्यात रोज फक्त संध्याकाळचे तीन तास घ्यावेत.

शिरोड्याची वाट

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत मी आपली उत्तरे वाचून दाखविली. मांडवाचा विषय मागे पडला. वाचनालयाच्या माडीवर पंधरा जणांची कार्यशाळा पहिल्या वर्षी घ्यावी, असे ठरले आहे, आणि आमच्या खजिनदारांनी, ज्यांनी आजवर हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहिले नव्हते, पहिले नाव आपले घातले आहे. होडी विकावी लागली त्या दिवसाविषयी त्यांना लिहायचे आहे.

मालवणचे जे सद्गृहस्थ ट्रालीला असतात, त्यांना एक विनंती आहे. आपण मे महिन्यात गावी येणार असाल, तर कथेची तीन सत्रे घ्याल का? तिकडे आपल्या पानावर ज्या पद्धतीने बोलले गेले, तीच पद्धत आम्हाला हवी आहे. राहण्याची सोय आमच्या घरी होईल.