फोन वेगळा, गाणी वेगळी: तुमचं काय होतं?

कपाट आवरताना २००६ सालचा आयपॉड शफल (ॲपलचा गाणी वाजवणारा छोटा प्लेअर) सापडला. काडेपेटीपेक्षा लहान, स्क्रीनच नाही, शर्टाला चिमट्यासारखा लागायचा. १ जीबी. चार्जिंग हेडफोनच्या भोकातूनच, पण त्याचा डॉक (चार्जिंगला बसवायचा छोटा स्टँड) कुठे गेला देव जाणे. आता सगळं एकाच फोनमध्ये असतं, तेव्हा दोन-दोन वस्तू बाळगायचो. तुमचे अनुभव लिहा.

*

डोंबिवली ते सीएसटी, आठ वर्षं. खिशात नोकिया ११००, कॉलरला प्लेअर. गर्दीत हात वर काढायला जागा नसायची, गाणं चाचपूनच बदलायचं. दारात उभं राहिलो तरी फोन आपला आत. रुळांजवळ उभे राहून हातावर काठी मारणाऱ्या फटका गँगचा धसका तेव्हाही होताच. तोटा एकच: कानात गाणी, मग खिशातली रिंग ऐकतोय कोण? एकदा घाटकोपरला उतरून फोन पाहिला तर बायकोचे अकरा मिस्ड कॉल. बाबांना दवाखान्यात नेलं होतं. (सुखरूप होते, पण त्यानंतर आठवडाभर माझी काही खैर नव्हती.) पुढच्याच महिन्यात गाणी वाजवणारा फोन घेतला. कॉल आला की गाणं आपोआप थांबतं, एवढ्यासाठी.

*

मी २००५ च्या सोनी एरिक्सन डब्ल्यू८०० वाला. केशरी-पांढरा! चालू करतानाच विचारायचा, फोन हवा की नुसतीच गाणी? दोन वस्तूंचं भांडण त्यानं तिथेच मिटवलं होतं.

*

आमच्याकडे आयपॉड वगैरे कुठला. तालुक्याला मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळायची. अडचण बॅटरीची. शेतातल्या पंपाची लाइट रात्रीची, रानात एकटं, म्हणून गाणी लावायची. एका रात्री पंपाची मोटार बंद पडली, घरी भावाला फोन करावा तर फोन मेलेला. तीन किलोमीटर चालत आलो. नंतर बाजारातून सेलवर चालणारा साधा एमपीथ्री घेतला, फोनला गाण्यांसाठी हात लावला नाही.

*

गाणं शिकते. फोनवर तानपुरा लावून षड्ज लावावा आणि नेमका 'मॅडम, पर्सनल लोन?' सूर गेला तो गेलाच. फ्लाइट मोड घरच्यांना चालत नाही. शेवटी जुन्या फोनचं सिम काढलं, तो आता फक्त तानपुरा. म्हणजे फिरून दोन वस्तूच की!

*

एकच फोन. दोन चार्जर सांभाळायचा कंटाळा.

*

आमच्या आजीला कारवां (जुनी गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा प्लेअर) दिलाय. बटण फिरवलं की गाणं, एवढंच तिला हवं. फोनवर गाणी लावून दिली तर दर वेळी कुणाला तरी व्हिडिओ कॉल लागायचा.

*

धागा काढणाऱ्यांना: शफलचा डॉक माझ्याकडे पडून आहे. शफल हरवून बारा वर्षं झाली. पत्ता कळवा, पाठवतो.