गॅसचा वास एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही: दोष लक्षाचा की नाकाचा?

धागालेखक
गळणाऱ्या गॅसचा वास घरात एखाद्याला आला नाही, की त्याच्या बेफिकिरीवर बोट ठेवले जाते. हा आरोप मला अन्यायकारक वाटतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात, म्हणजे घराची सुरक्षितता अखेर नाकावर सोपवलेली असते, आणि नाके सारखी नसतात. अँड्रोस्टेनोन या रसायनाचा वास काहींना लघवीसारखा येतो, काहींना गोडसर, तर काहींना येतच नाही. यामागे ओआर७डी४ या जनुकातील भेदांचा वाटा असल्याचे २००७ मध्ये दाखवण्यात आले. वयानुसार घ्राणशक्ती मंदावते, ते वेगळेच. मग आजीला वास आला नाही म्हणून तिला का बोलावे?

प्रतिसाद: अभ्यासू
सहमत नाही. आपण घेतलेले रसायनच आपल्या विरोधात जाते. १९८९ मध्ये संशोधक वायसॉकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँड्रोस्टेनोनचा वास न येणाऱ्या २० जणांना सहा आठवडे ते रोज हुंगायला दिले, तेव्हा त्यांतील निम्म्यांना तो येऊ लागला. लक्षाचा भागही मोठा आहे. सायमन्स आणि लेविन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ मधील प्रयोगात रस्ता विचारणाऱ्याच्या जागी बोलता बोलता दुसराच माणूस आला, तरी सांगणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते कळले नाही. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता.

धागालेखक
आणि उरलेल्या दहा जणांचे काय? त्यांनीही तितकाच सराव केला होता. शिवाय तिथे हुंगायला मुद्दाम सांगितले होते. ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला तसे कोणी सांगत नाही.

प्रतिसाद: गृहस्थ
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली आहे. एकाच माणसाचे नाकही सर्व वेळ सारखे नसते. वास हळूहळू वाढत असेल, तर त्याच खोलीत बसलेल्याला त्याची सवय होते आणि बाहेरून आलेल्याला तो दारातच जाणवतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे उभ्या माणसाला तो उशिरा कळू शकतो. म्हणून 'मला तर काहीच येत नाही' असे म्हणून आत येणाऱ्याला गप्प करू नये; विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात.

अभ्यासू
सवयीचा मुद्दा मान्य. तरीही सरावाने सुधारणा होऊ शकते, हे नाकारून आजीला आधीच असमर्थ ठरवणे मला अधिक अन्यायाचे वाटते.

धागालेखक
असमर्थ ठरवत नाही. तिच्या स्वयंपाकघरात गळतीसूचक यंत्र जमिनीजवळ बसवा, एवढेच म्हणतो. सराव त्यानंतर खुशाल करावा.