निष्काम कर्म करणाऱ्याला हिंसा करता येते का?

वाटसरू
गीता निष्काम कर्म शिकवते, तेही रणभूमीवर. मग गांधीजींना तिच्यात अहिंसा कुठे दिसली? 'अनासक्तियोग' या त्यांच्या गीतेच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत ते सरळ कबूल करतात, की अक्षरार्थ धरला तर फलत्याग आणि युद्ध एकत्र बसू शकतात. पण चाळीस वर्षं गीता आचरणात आणायची धडपड केल्यावर त्यांना वाटलं, पूर्ण अहिंसेशिवाय पूर्ण फलत्याग होणं नाही. मला हे पटतं. माणूस खोटं बोलतो, मारतो, ते काहीतरी हवं असतं म्हणूनच.

करारी
मग अठराव्या अध्यायातल्या सतराव्या श्लोकाचं काय? ज्याला 'मी केलं' हा भाव नाही, तो मारूनही मारत नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. 'करिष्ये वचनं तव', तू सांगशील तसं करीन, असं म्हणून अर्जुन लढलाच ना? टिळकांनी 'गीतारहस्या'त दाखवून दिलंय, की निर्वैर असणं म्हणजे प्रतिकार सोडणं नव्हे. मनात वैर न धरता दुष्टाला आवरणं हाही लोकसंग्रहच, म्हणजे समाज नीट चालावा म्हणून केलेलं कर्म. आणि 'अहिंसा परमो धर्मः'च्या पुढे 'धर्महिंसा तथैव च', म्हणजे धर्मासाठी हिंसाही तशीच, हे आहेच की!

रानवाट
ती पुढची ओळ महाभारतात नाही. तिथे अनुशासनपर्वात पुढे 'तथाहिंसा परो दमः', म्हणजे अहिंसा हाच श्रेष्ठ संयम, असं आहे, मग अहिंसाच श्रेष्ठ दान, श्रेष्ठ तप. व्हॉट्सॅपवर फिरते म्हणून ती व्यासांची होत नाही.
राहिला तुमचा श्लोक. तो अहंकार पुरता गेलेल्या माणसाबद्दल आहे. शस्त्र उचलणारा प्रत्येक जण स्वतःला तसाच समजतो, भीती त्याचीच आहे. तेरावा अध्याय ज्ञानेश्वरीत वाचा. गीतेत 'अहिंसा' हा एक शब्द, माउली त्यावर ओव्यांमागून ओव्या सांगतात. यज्ञात पशू मारून त्याला अहिंसा म्हणणाऱ्यांनाही सोडत नाहीत. आणि अहिंसक माणसाचं चालणं कसं? 'कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार'.

करारी
ओळ बाजूला ठेवू, प्रश्न तसाच राहतो. डोळ्यांदेखत कुणाला मारत असतील तर हळुवार पावलं काय कामाची? भित्रेपणा आणि हिंसा एवढेच पर्याय उरले तर हिंसा निवडा, हे १९२० साली खुद्द गांधीजींनीच लिहिलंय.

काळी माती
मी शेती करतो. कपाशीवर फवारणी केली की किती जीव जातात, ते बघतोच. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध, धंदा मांसविक्रीचा, कौशिक ब्राह्मणाला नेमकं हेच सांगतो: नांगराखालीही जीव मरतात, अहिंसेचं व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच, यत्नाने ती कमी होते एवढंच. करारी, मारणाऱ्याला अडवाच, त्याबद्दल वाद नाही. पण हा 'कमी करण्याचा' यत्न तुमच्या लोकसंग्रहात कुठे बसतो, ते सांगा.