चाळीसगाव–धुळे हीच आमची लोकल

लोकल म्हणजे मुंबईचीच, खानदेशाचा तिच्याशी काय संबंध, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. चाळीसगाव–धुळे हा जेमतेम ५६ किलोमीटरचा शाखामार्ग १९०० साली सुरू झाला आणि जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर येथील नोकरदार, विद्यार्थी आणि दूधवाले त्यावरूनच ये-जा करत आले आहेत. धुळे हे टोकाचे स्थानक असल्यामुळे पूर्वी गाडी लागली की इंजिन सोडायचे, शेजारच्या रुळावरून फिरवून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला आणून जोडायचे, आणि तेवढ्यात आमचा चहा आरामात उरकायचा. विजेवरची मेमू (वेगळे इंजिन न लागणारी, लोकलसारखी गाडी) आल्यापासून हा खटाटोप संपला, कारण तिच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. (चहा मात्र सुटला, ही हळहळ वेगळी.)

खरा बदल पुढेच आहे. बोरविहीर–नरडाणा मार्ग या शाखेला सुरत–भुसावळ मार्गाशी जोडेल, शिवाय ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गालाही २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या सुरू झाल्यावर त्यांना वाट देण्यासाठी आमची मेमू शिरूडला उभी करून ठेवणार नाहीत ना, एवढीच मला धास्ती आहे.